आमच्या व्याह्यांचा गैरा हुंडा

नंदुरबार जिल्ह्यात लोक कशाकशावर जीव टाकतात ते मी पुष्कळ पाहिलं आहे. कोणी म्हशीवर टाकतो, कोणी नव्या ट्रॅक्टरवर, आणि आमच्या गल्लीतली एक बाई तर मिक्सरला टॉवेल पांघरून निजवते. पण एका इंग्रजी शब्दावर जीव टाकणारा माणूस तापीच्या या काठाला आणि त्या काठाला मिळून एकच, आणि तो नेमका माझा व्याही. शब्द म्हणजे 'ग्रेहाउंड'. देवाचं नाव घ्यावं तसा हा शब्द ते घेतात. सकाळी चूळ भरून झाली की घेतात, जेवून ढेकर दिला की घेतात, आणि कोणी काही विचारलेलं नसलं तर जरा जास्तच घेतात.

व्याही म्हसावदच्या पलीकडचे. केळी आणि ऊस, विहिरीला पाणी, घरात सगळं बरं. अंगाने उंच, वाळलेले, पाय लांबच लांब, मान थोडी पुढे काढून चालायची सवय. हा शब्द त्यांच्या आयुष्यात आला तो सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. व्याही तिथे दरवर्षी जायचे. घोडा विकत घ्यायची त्यांना हौस नव्हती, घोड्यांना नावं ठेवायची होती. हा पुढून बरा पण मागून नाही, तो मागून बरा पण डोळ्यात लबाडी, असं करत सगळा बाजार फिरायचा आणि ऊस खात घरी यायचं. शेवटी एक व्यापारी इतका कंटाळला, की त्याने तंबूतून एक कुत्र्याचं पिल्लू आणून यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, घोडा छोडो, ये ले जाओ. ग्रेहाउंड है. घोडे के आगे भागेगा." व्याही पिल्लू सदऱ्यात घालून एसटीत बसले आणि शब्द विसरू नये म्हणून वाटभर तोच घोकत राहिले. कंडक्टरने विचारलं, "कुठे उतरायचं?" हे म्हणाले, "ग्रेहाउंड." कंडक्टर बिचारा नवा होता, तो गावांच्या यादीत शोधत बसला.

कुत्र्याला लोक मोती म्हणतात, राजा म्हणतात. व्याह्यांनी नावच ठेवलं नाही. म्हणाले, "एवढा चांगला शब्द असतांना नाव कसाले पायजे?" तेव्हा कुत्र्याचं नावही ग्रेहाउंडच. आता तो खरोखर त्या जातीचा होता, की कुठल्या मेंढपाळाच्या कुत्रीचं लांबोडकं पोर होतं, हे आजपर्यंत कोणाला ठरवता आलेलं नाही. अंगाने सुतळीसारखा, पोट पाठीला लागलेलं, रंग करपलेल्या भाकरीचा. आणि धावण्याचं म्हणाल, तर घोड्यापुढे सोडा, कोंबडीमागेही कधी धावला नाही. सकाळी ओट्यावर झोपायचा, ऊन आलं की केळीच्या सावलीत झोपायचा, आणि तिथून उठून आला की दमला म्हणून परत ओट्यावर झोपायचा. कोणी हसलं तर व्याही सांगत, "तो धावानं राखी ठेवस. वेळवर कामले येई."

कुत्रा धावत नव्हता म्हणून असेल, पण शब्द मात्र व्याह्यांनी फार पळवला. जे जे झटपट ते ते ग्रेहाउंड. शहाद्याची एसटी वेळेवर आली तर "आज ग्रेहाउंड शे", उशिरा आली तर "ग्रेहाउंड झोपी गयं". दूध उतू गेलं की "देखा, दूध ग्रेहाउंड व्हयनं." कोणीतरी त्यांना सांगितलं, की अमेरिकेत लांबच्या गावांना जाणाऱ्या बसवरसुद्धा हे नाव असतं. त्या दिवसापासून अमेरिका हा त्यांना शहाणा देश वाटू लागला.

आता इथे मला दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक म्हणजे व्याह्यांचे समोरचे दात कधीच गेले आहेत, त्यामुळे हा लाडका शब्द त्यांच्या तोंडून 'गऱ्हेहुंड' असा काहीतरी निघतो. आणि दुसरी म्हणजे, आमच्या अहिराणीत 'गैरा' म्हणजे पुष्कळ. गैरा लोक, गैरा पाऊस, गैरा दिवस. बस, एवढं लक्षात ठेवा.

आमची रंजना नंदुरबारला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने फार आधीपासून घरात सांगून ठेवलेलं, "हुंडा मांगनाराना घर मी जावाव नही. मंग तो राजा का असेना." यांचा मुलगा शहाद्याला बँकेत. दोघांची ओळख कुठे, कशी झाली ते मी विचारलं नाही, आईने सगळंच विचारायचं नसतं. मुलगा सरळ होता, रंजनाच्या चेहऱ्यावर त्याचं नाव निघालं की दिवा लागायचा. आणि त्यांच्याकडून आधीच निरोप आला होता, देणं नाही, घेणं नाही, पोरगी द्या आणि नारळ द्या. आम्हाला आणखी काय पाहिजे होतं?

बैठक रनाळ्याला आमच्या ओट्यावर झाली. शेजारी पिठाची गिरणी. ती चालू असली की आमच्या ओट्यावर बसलेला माणूस फक्त ओठ हलवतो असं वाटतं. आम्हाला सवय आहे, आम्ही ओठांवरून बोलणं ओळखतो. चहा झाला, तारीख झाली, जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठरली. पान पुढे करताना आमच्या ह्यांनी रीत म्हणून विचारलं, "याहीबोवा, तुमनी काही इच्छा?"

व्याह्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बाकी बठ्ठं तुमनी मर्जी. आमनी एकच आस शे. मंडपमा ग्रेहाउंड पायजे. त्यान्हाबिगर मी नवरदेवले हयद लागू देवाव नही."

गिरणीत कोणाची तरी ज्वारी पडत होती. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं ते असं: "मंडपमा गैरा हुंडा पायजे."

आमचे हे चहा बशीतून पितात, आणि रागावले की रिकामी बशी पालथी घालतात. सुनांना, मुलांना, गड्यांना, सगळ्यांना ती खूण माहीत आहे. त्यांनी बशी पालथी घातली. उठले, हात जोडले आणि म्हणाले, "या आते." पाहुणे गोंधळून उठले. मुलगा लाजेने लाल झालेला. आम्हाला वाटलं बापाच्या लोभाची लाज, त्याला वाटत होती बापाच्या कुत्र्याची. व्याही पायऱ्या उतरता उतरता मागे वळले आणि मला हळूच विचारलं, "याहीनबाई, तुमनाकडे चालत नही का?"

"आमनाकडे नही चालत!" मी म्हटलं. "कोनाकडेच चालाले नको!"

"असं कसं?" ते खरोखर नवल करत म्हणाले. "आमना गावमा तर घरोघर शे."

ऐका! वर तोंड करून हे सांगत होते. मी पदर खोचून आत गेले. रंजना कपबश्या विसळत होती. रडत नव्हती, पण ज्या कपाचा कान तेव्हा तुटला, तो काही माझ्या हातून तुटला नव्हता. मुलाचे फोन आले, तिने उचलले नाहीत. मग त्याने लिहून पाठवलं, "आप्पा हट्टी आहेत, पण मी समजावतो, ते ऐकतील." झालं! म्हणजे मागितलं हे कबूलच की! तिने फोन पालथा घातला. वडिलांची बशी, मुलीचा फोन. आमच्या घराण्यात राग पालथा घालून ठेवायचीच पद्धत.

मग एका दुपारी स्वतः व्याह्यांचा फोन आला. आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर. अख्खं घर ऐकत होतं, शिवाय गिरणीही.

"याहीबोवा, मंडपमा नको तर नको. मंडपना बाहेर चालई."

"बाहेर नही नि आत बी नही!" हे ओरडले. "कायदाना गुन्हा शे!"

"गुन्हा?" पलीकडे माणूस हबकला. "एवढं कडक व्हई गयं? बरं, पट्टा बांधीसन ठेवसु ना!"

ह्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "आते कमरपट्टा बी मांगस!"

फोन बंद झाला. रंजना उठून गच्चीवर गेली आणि वाळत घातलेले पापड मोडेपर्यंत उलटेपालटे करत बसली. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. पोरगी बोलून मोकळी झाली असती तर बरं होतं. ती गप्प होती, आणि आमच्या घरात गप्प बसणं कोणाला येत नाही.

पुढे काय झालं असतं देव जाणे. पण एके दिवशी सकाळी आमच्या गल्लीत केळीने भरलेला एक टेम्पो शिरला. ड्रायव्हरशेजारून लांब पाय बाहेर आले, मग टोपी आली, आणि मग टेम्पोच्या घरघरीतून हाक आली, "याहीबोवा! मी ग्रेहाउंड लई उनू!"

माझे हे खिडकीतून डोकावले. हे म्हणाले, "हाऊ हुंडा मांगाले उना का देवाले?"

मी दार उघडलं. केळीच्या घडांवरून एक लांबोडका, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा प्राणी खाली उतरला. घाई अशी नाही. ओट्यावर चढला, घरात सगळीकडे एकदा नाक फिरवलं, आणि आमच्या ह्यांच्या बाजेवर, ह्यांच्याच उशीवर डोकं टेकून झोपला. ह्यांच्या उशीला मी लग्नापासून हात लावलेला नाही, बरं का.

व्याही दारातच उभे. टोपी काढून हातात धरलेली. म्हणाले, "एक डाव देखी तर ल्या. देखीसन नही म्हना. घरवाली गयी, तधपाईन आमना घरमा आम्ही तीन जन. मी, बँकवाला आंडोर, नि हाऊ. रातदिन हाऊच मन्हासंगे बोलस. आंडोरनं लगन नि घरनं मानूस बाहेर बांधेल, हाई माले गोड लागत नही. पन पोरीले भीती वाटत व्हई, तर मी त्याले घर ठेवसु. लगन मोडू नका."

"कोनले घर ठेवशात?" मी विचारलं.

"याले. ग्रेहाउंडले."

वीज गेली होती. गिरणी बंद होती. इतक्या दिवसांत तो शब्द पहिल्यांदा आमच्या ओट्यावर स्वच्छ, अख्खा ऐकू आला. मी बाजेवर झोपलेल्या त्या गैऱ्या हुंड्याकडे पाहिलं, आमच्या ह्यांनी पाहिलं, आणि मग आतून, स्वयंपाकघराच्या चौकटीतून, रंजनाचं हसू फुटलं. अशी हसली, अशी हसली, की चौकटीला धरून खाली बसली, आणि डोळ्यांतून जे पाणी आलं ते सगळं काही हसण्याचं नव्हतं. मग मी. मग टेम्पोवाला, त्याला काही माहीत नसताना. व्याह्यांना सांगितलं तेव्हा ते मात्र हसले नाहीत. पायरीवर बसले आणि म्हणाले, "अरे देवा. तुम्ही इतला दिन माले तसा मानूस समजत व्हतात?" आमच्या ह्यांनी फळीवरची बशी काढली, सुलटी केली, त्यांच्यापुढे ठेवली आणि मला म्हणाले, "चहा टाक." माफी मागायची त्यांची तीच रीत, मला ती फार थोड्या वेळा पाहायला मिळाली आहे.

पण अवघडलेपण मोडलं ते रंजनाने. ती पाणी घेऊन आली, कुत्र्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पन आप्पा, ग्रे म्हंजे राखाडी ना? हाऊ तर तांबडा शे."

व्याह्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं वीज आली. इतकी वर्षं शब्द पाळला, पण अर्थ कोणी विचारला नव्हता. "ग्रे म्हंजे राखाडी, हाई बठ्ठा लोकेसनी चूक शे," ते पायरीवरून बाजेवर सरकले. "मन्हा आंडोरनी शोधी काढं. हाउंड म्हंजे कुत्रा, ते बरोबर. पन ग्रे हाऊ शब्द रंगना नहीच. पक्कं कोनलेच माहीत नही, पन पुराना जमानामा ग्रे म्हंजे बी कुत्रीच व्हई म्हने. मंग ग्रेहाउंड म्हंजे काय व्हयनं? कुत्रीकुत्रा! आपन बाजारहाट म्हंतस ना? बाजार म्हंजे बी बाजार, हाट म्हंजे बी बाजार. केरकचरा म्हंतस. तसं. इंग्रज लोक बी आपलासारखाच, एक डाव सांगीसन त्यासनं पोट भरत नही!"

रंजना हनुवटीला हात लावून ऐकत बसली. खोटं नाही, मन लावून ऐकत होती. चहा गार झाला, मी दुसरा केला, तोही गार झाला. त्या दिवशी लग्न ठरलं ते खरं त्या दोघांचं, सासऱ्याचं आणि सुनेचं. मुलाला संध्याकाळी फोन करून कळवलं.

लग्नात ग्रेहाउंड मांडवात होता, गळ्यात झेंडूची माळ, खास पाहुण्यांच्या गादीवर आडवा. हळद झाली, सगळं गोडीत चाललं, आणि वरात दाराशी आल्यावर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मग मात्र त्या कुत्र्याने जन्मभर राखून ठेवलेलं सगळं धावणं एकदम काढलं. मी एवढंच पाहिलं, की गादीवर झेंडूची एक पिवळी रेघ उमटली आणि नंदुरबारच्या रस्त्याकडे निघून गेली. आणि तिच्यामागे नवरदेवाचा बाप! कोरं धोतर एका हातात, फेटा सुटून मागे उडतोय, आणि तोंडाने आनंदाचा नुसता पूर: "देखा! देखा! ग्रेहाउंड!" रस्त्यावरच्या एका बैलगाडीवाल्याने आमच्याकडच्या वऱ्हाड्याला विचारलं, "काय व्हयनं भो?" तो म्हणाला, "नवरदेवना बापना गैरा हुंडा पयी गया." गाडीवाल्याने बैल थांबवले आणि हळहळला म्हणतात. दोघं परत येईपर्यंत अक्षता लोकांच्या मुठीत भिजून गेल्या. भटजींची कुरकुर चालली होती. रंजना अंतरपाटाआड उभी राहून म्हणाली, "आप्पा येवावर व्हई लगन, घाई करू नका."

लग्नानंतर रंजनाने सासऱ्याला फोनवर बोलून शोधायला शिकवलं. व्याह्यांनी पहिला शब्द कोणता म्हटला असेल ते सांगायला नको. फोनने विचार केला आणि हुंडाबंदीचा कायदा काढून दाखवला. व्याह्यांनी मला मुद्दाम विचारलं, "याहीनबाई, हाऊ फोन रनाळानाच शे का?" तेव्हापासून मुलीला माहेराहून न्यायला आले, की आमच्या दारात हाक ठरलेली, "याहीनबाई, गैरा हुंडा लेवाले उनू!" मी म्हणायची, "पोटभर जेवा नि लई जा."

पुढे त्या शब्दाला घरात आणखी एक धनी मिळाला. रंजना कामाला फार चपळ. एका हाताने भाकरी थापेल, दुसऱ्याने मोटर चालू करेल, मधेच लॅबचा अहवाल वाचून कोणाला तरी धीर देईल. व्याही तिलाही ग्रेहाउंड म्हणू लागले. केळीच्या बांधावरून हाक आली की कुत्रा एक कान उचलायचा आणि परत ठेवायचा, धावत जायची ती रंजना. कुत्र्याला हे सोयीचंच होतं.

मागच्या उन्हाळ्यात ग्रेहाउंड गेला. म्हातारा झाला होता. ओट्यावर झोपला तो उठला नाही, आणि इतका झोपाळू, की ते कळायलाच घरच्यांना दुपार झाली. व्याह्यांनी त्याला केळीत, त्याच्या नेहमीच्या सावलीत पुरलं. त्यानंतर त्यांच्या तोंडून तो शब्द गेला. एसटी वेळेवर आली तरी नुसती एसटी. दूध उतू गेलं तरी नुसतं दूध. मुलीला न्यायला आले तेव्हा दारात हाक नाही, कडी वाजवली. मीच आतून म्हटलं, "काय याहीबोवा, गैरा हुंडा पायजे का?" तर हसले, पण नुसते ओठांनी. गिरणी बंद असूनही.

मध्यंतरी मी म्हसावदकडे मुलीकडे राहायला गेले. संध्याकाळी व्याही आणि मी ओट्यावर बसलो होतो, मी बोलत होते, ते ऐकत होते, म्हणजे आमचं नेहमीचं. केळीच्या पानांवरून ऊन उतरत होतं, कुत्र्यासकट त्यांची बांधावरून घरी यायची ती वेळ. बोलता बोलता त्यांची मान पुढे झाली आणि केळीच्या दिशेने हाक निघून गेली, जुनीच, दात नसलेली, अख्खी: "गऱ्हेहुंड! ए गऱ्हेहुंड!"

हाक गेली आणि ते एकदम थांबले. हात तोंडाशी नेला. माझ्याकडे बघेनात.

आतून भांडं आपटल्याचा आवाज झाला, आणि रंजना पिठाचे हात तसेच वर धरून ओट्यावर धावत आली. "उनू, आप्पा! काय म्हंतस?"

व्याह्यांनी तोंडावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "काही नही, माय. पानी दे."

ती आत गेली. त्यांच्या पायाशी तांब्या होता, काठोकाठ भरलेला. मला दिसला. पण मी काही बोलले नाही. आणि मी बोलले नाही म्हणजे काय, ते आमच्या घरी कोणालाही विचारा.